मुठीचं माप

पावात लाकडाची ढलपी निघाली तेव्हा अण्णांनी आधी गिऱ्हाइकालाच झापलं. "तुमचा दात असेल हो, नीट बघा," ते म्हणाले. गिऱ्हाईक म्हणजे मागच्या गल्लीतले निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नव्हता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांनी ती नखाएवढी ढलपी काउंटरवर ठेवली, दुसरा पाव मागून घेतला आणि निघून गेले. भांडले असते तर बरं झालं असतं. अण्णांना भांडण पचायचं, सभ्यपणा पचायचा नाही.

ढलपी कुठून आली हे विचारायची गरजच नव्हती. आतल्या खोलीत भट्टीसमोर, भिंतीला लागून मळायचं टेबल उभं होतं. जाड लाकडी फळ्यांचं, चांगलं लांबरुंद, आणि मधोमध अण्णांच्या हातांनी इतकं झिजलेलं की तिथं पाणी ओतलं असतं तर साचून राहिलं असतं. ओतलं कुणी नसतं म्हणा. मळायच्या टेबलाला पाणी लावत नाहीत. पत्र्यानं खरवडायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं, बस. पाणी लागलं की लाकूड फुगतं आणि सांधे सुटतात. या टेबलाचे सांधे पाणी न लागताच सुटले होते. फटीत कणीक जाऊन बसायची, आंबायची, वाळायची, आणि ती खरवडून काढताना आता तिच्याबरोबर लाकूडही निघायला लागलं होतं.

"अण्णा, नवं टेबल करायलाच हवं," सून म्हणाली.

"बघू," अण्णा म्हणाले. या घरात 'बघू'चा अर्थ 'विसरा' असा होता.

कणीक मळायची ती सून. अण्णांच्या उजव्या खांद्यानं दगा दिला तेव्हा हे काम साहजिकच मुलाकडे जायला हवं होतं. मुलगा बापासारखाच उंच आणि धिप्पाड. पण कणीक हाताला चिकटते, ही गोष्ट चिरंजिवांनी कधी मनापासून मान्यच केली नाही. तो काउंटरवर बसायचा. गप्पांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दोन पाव घ्यायला आलेला माणूस चार पाव आणि गावभरच्या बातम्या घेऊन जायचा. मग मळायला सून उभी राहिली. आधी "दोन दिवस, खांदा बरा होईपर्यंत" म्हणून. खांदा काही बरा झाला नाही, आणि त्या दोन दिवसांत तिची मुलगी शाळेत जायला लागली.

सून उंचीनं बेताची. टेबल अण्णांच्या मापाचं. त्यामुळे ती पावाचा एक रिकामा क्रेट उलटा टाकून त्यावर उभी राहायची. क्रेटवर उभं राहून कणकेत जोर लावायचा म्हणजे अर्धा जोर पडू नये यासाठीच खर्च होतो. रोज दुपारी ती मानेला आणि खांद्यांना शेक घेत बसायची. एकदा, अगदी एकदाच, तिनं अण्णांना सांगितलं की खांदे फार दुखतात.

"शिकताना सगळ्यांचेच दुखतात," अण्णा म्हणाले.

बेकरीतला एकूण एक पाव तीच मळत होती, आणि हे तिला शिकाऊ समजत होते! पण अण्णांना दोष तरी काय द्यायचा? ते रोज पहाटे टेबलाशेजारी उभे राहायचे आणि सूचना द्यायचे. पाणी बेतानं. मीठ बघ. आता उलट. आता सोड. सून "हो अण्णा" म्हणायची आणि तिला करायचं तेच करायची. तरी अण्णांच्या लेखी कणीक अण्णाच मळत होते, फक्त हात तेवढे सुनेचे होते.

आता त्या 'बघू'मागचं खरं कारण सांगायला हवं, नाहीतर म्हातारा नुसता चिकट वाटेल. या घराण्यात टेबल करायची एक रीत होती. मळणाऱ्यानं सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, मुठी वळायच्या. मूठ जिथं लोंबते तिथं सुतार काठीवर खूण करणार, आणि टेबलाची उंची तेवढी. मूठ टेबलावर टेकली की वाकावं लागत नाही, खांदे उचलावे लागत नाहीत, सगळा भार आपोआप कणकेवर जातो. साधी, शहाणपणाची रीत. पण साध्या रीतीला माणसं शेपट्या लावतात. ज्याच्या मुठीचं माप, बेकरी त्याची, असं घरात सगळे धरून चालायचे. नव्या टेबलावर पहिला गोळाही त्यानंच मळायचा.

अण्णांचं माप घेतलं तेव्हा त्यांचे वडील तिथंच दाराशी उभे होते. अण्णांना तेव्हा आनंदानं काही सुचत नव्हतं, वडिलांच्या तोंडाकडे बघायला फुरसत कुणाला होती? पण पुढं त्यांच्या लक्षात आलं होतं की त्या दिवसानंतर वडिलांना कुणी काही विचारलं नाही. मिठाचंही नाही. म्हातारा सकाळी येऊन उभा राहायचा, माणसं त्याला चुकवून पिठाची पोती न्यायची. आणि सगळ्यांत जास्त चुकवून कोण न्यायचं, तर अण्णाच. त्यामुळे नव्या टेबलाचा विषय निघाला की अण्णा 'बघू' म्हणायचे. नवं टेबल म्हणजे नवं माप, आणि नवं माप म्हणजे अण्णा दाराशी.

पण हेडमास्तरांच्या ढलपीनं नाइलाज केला. मास्तर स्वतः कुणाला बोलले नाहीत, पण काउंटरवरच्या चिरंजिवांनी तो किस्सा रंगवून रंगवून दिवसभर गिऱ्हाइकांना सांगितला, आपल्याच बेकरीचा! संध्याकाळपर्यंत ढलपीची काडी झाली आणि दुसऱ्या दिवशी काडीचा खिळा झाला. अण्णांनी कपाळावर हात मारला आणि सुताराला निरोप धाडला.

निरोप मात्र हुशारीनं धाडला. दुपारी ये, म्हणाले. दुपारी दुकान बंद असायचं, मुलगा घोरत असायचा, सून वर शेक घेत असायची. सुतार आला, त्यानं टेबलावरून हात फिरवला, खाली वाकून पाय बघितले आणि खिशातून टेप काढला.

"कशाला?" अण्णा म्हणाले.

"उंची घेतो. हेच माप ठेवायचं ना?"

"टेबलावरून टेबल करायला ती काय झेरॉक्स आहे? तुझ्या बापानं हे केलं तेव्हा माणसाचं माप घेतलं होतं. काठी आण."

"पण अण्णा, हे तुमच्याच मापाचं आहे. दोन मिनिटांचं काम..."

"रीत म्हणजे रीत. काठी आण."

सुतारानं काठी आणली. "मग कुणाला बोलावू? सूनबाईंना?"

"तिला कशाला? झोपली असेल ती. माझंच घे."

सुतारानं अण्णांकडे बघितलं. अण्णांनी भट्टीकडे बघितलं. ज्याला टेबलाशी उभं राहायचंच नाही त्याचं माप कशाला, हा प्रश्न सुताराच्या ओठांवर आला होता. पण सुतारकाम करून करून त्याला कळलं होतं की लाकूड आणि म्हातारा माणूस यांना एका दमात वाकवायला जाऊ नये. तो काठी घेऊन खाली बसला.

"अण्णा, सरळ उभे राहा."

"सरळच आहे."

"थोडे अजून."

"अरे, याहून सरळ झालो तर मागं पडेन! कर खूण."

सुतारानं खूण केली. मग काठी टेबलाच्या पायाला लावून बघितली, पुन्हा अण्णांच्या मुठीकडे बघितलं आणि तोंड उघडलं. "अण्णा, एक सांगू का..."

"काही सांगू नकोस आणि कुणाला बोलू नकोस. काठीवर खूण आहे ना? त्याप्रमाणे कर." सुतारानं काठी बगलेत मारली. आता बोलायलाच नको म्हणतात तर नको, त्याचं काय जात होतं?

संध्याकाळी अण्णांनी घरात जाहीर केलं, "माप दिलंय."

"कुणाचं?" बायकोनं विचारलं.

"ज्याचं द्यायला हवं त्याचं." एवढं बोलून त्यांनी जे तोंड मिटलं, ते कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

घरानं आपापला अर्थ लावला. चिरंजिवांचं धाबं दणाणलं. माप आपलंच दिलं असणार, दुसऱ्या कुणाचं? म्हणजे पहाटे उठायचं, कणकेत कोपरापर्यंत हात घालायचे, आणि गप्पा मारायला समोर कोण, तर पिठाचं पोतं. दुसऱ्या दिवसापासून त्याची कंबर धरायला लागली. सकाळी डाव्या बाजूनं धरायची, संध्याकाळी उजव्या.

सुनेनंही तोच अर्थ लावला, पण ती अण्णांना काही बोलली नाही. सासूला बोलली. आणि सासूनं ते जेवताना अण्णांच्या पानात वाढलं.

"ती म्हणतेय, उंच टेबल आलं तर ती मळणार नाही. काउंटरवर बसेन म्हणाली."

"धमकी देतेय?"

"धमकी कसली? हात वर होत नाही तिचा. काल केस विंचरायला मुलीला बोलावलं. डॉक्टरनं सांगितलंय, असंच चालू राहिलं तर खांदा कायमचा जाईल. तुमच्या खांद्याचं बघितलंय ना तिनं."

सुनेनं हात काढून घेतला तर बेकरी बंद पडेल, हे त्यांना कळत होतं. कळत होतं म्हणूनच राग येत होता. "करू दे काय करायचं ते," ते म्हणाले. "मी उभा राहीन. अजून मेलो नाही."

पुढचे दिवस त्यांनी मनातल्या मनात कणीक मळली. टेबल येईल, आपण पुढं होऊ, मुठी टेकवू, आणि सगळे बघत राहतील. खांद्याचं बघून घेऊ. माप आपलं असलं की खांद्याला त्रासच होत नाही, सगळा भार कणकेवर जातो. मनातली कणीक फार छान मळली जाते. तिला पाणी लागत नाही आणि खांदाही लागत नाही. पण मधेच केव्हातरी सुनेचा तो न उठणारा हात त्यांच्या डोळ्यांपुढं यायचा, आणि मग ते उगाच कुणावर तरी खेकसायचे.

टेबल आलं. सुतारानं आणि त्याच्या माणसानं जुनं उचलून मागच्या अंगणात नेलं आणि नवं भिंतीला लावलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, ताज्या लाकडाचा वास अजून तसाच. सगळे आत जमले. चिरंजीव कमरेवर हात ठेवून दाराशी, शक्य तितके काउंटरच्या जवळ. सून परातीत भिजवलेली कणीक घेऊन कोपऱ्यात उभी. चेहरा दगडासारखा. सासू तिच्याशेजारी.

"चला, पहिला गोळा कुणाचा?" सुतार म्हणाला आणि अण्णांकडे बघून गालातल्या गालात हसला.

अण्णा पुढं झाले. ऐटीत झाले. टेबलासमोर उभे राहिले, हात सैल सोडले, मुठी वळल्या, आणि मुठी अलगद लाकडावर टेकल्या. तंतोतंत! ना वाकायला लागलं, ना खांदा उचलायला लागला. अण्णांना इतका आनंद झाला की त्यांना वाटलं, आता मागं वळावं आणि सांगून टाकावं सगळ्यांना, माझं आहे हे, माझं माप.

तेवढ्यात त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. जुन्या टेबलाची कड भिंतीला घासून घासून तिथं एक काळपट, पिठानं भरलेली रेघ उठली होती. नवं टेबल त्या रेघेला लागलेलं नव्हतं. रेघ वर होती. चांगली चार बोटं वर.

आधी त्यांना वाटलं, सुतारानं घोळ घातला, गाढवानं आखूड केलं! ते ओरडायला वळणारच होते. पण मग मुठी कशा टेकल्या? त्यांनी पुन्हा मुठींकडे बघितलं. मुठी टेबलावर होत्या, तंतोतंत. मापात चूक नव्हती. तेच माप, त्याच रीतीनं घेतलेलं, त्याच माणसाचं. त्यांना सुताराचं ते "थोडे अजून" आठवलं आणि कानशिलं तापली. चार बोटं. कुठं गेली? कधी गेली? रोज आरशात बघतो, रोज कपडे घालतो, आणि माणसाला पत्ता नाही!

"बघू?" मागून सून म्हणाली. ती केव्हा जवळ आली त्यांना कळलं नाही. तिनं परात बाजूला ठेवली आणि टेबलाशी उभी राहिली. क्रेटशिवाय, जमिनीवर. तिनं हात सोडले. मुठी टेकल्या.

मग तिनं तळवे उघडून लाकडावर ठेवले, थोडा जोर देऊन बघितला, आणि तिचा दगडासारखा चेहरा असा काही विरघळला की सासूनं पदर डोळ्यांना लावला.

"अण्णा," ती म्हणाली, "मी तर कधी मापाला उभी राहिले नाही. तुम्ही माझं माप घेतलंत कधी? आणि मी मेली तुमच्याबद्दल काय काय बोलले आईंजवळ!"

"माप तर त्यांनी..." सुतारानं सुरुवात केली.

"त्याला काय विचारतेस?" अण्णा गरजले. इतक्या जोरात की चिरंजिवांची कंबर सरळ झाली. "तो काय सांगणार? मी सांगितलं ते त्यानं केलं. इतकी वर्षं शेजारी उभा आहे तुझ्या. मला माप कळायला काठी लागते होय?" सुतारानं आज्ञाधारकपणे तोंड मिटलं. अण्णा टेबलापासून बाजूला झाले. "बघत काय राहिलीस? कणीक वाळतेय. मळ."

तिनं पहिला गोळा मळला. खांदे खाली, पाय जमिनीवर, सगळा भार कणकेवर. अण्णा शेजारी उभे होते. त्यांनी बघितलं की पाणी बेताचं आहे, मीठ बरोबर आहे, आणि कधी उलटायचं ते तिला ठाऊक आहे. आनंदाच्या भरात ती त्यांना काही विचारायचीही विसरली. अण्णांच्या तोंडातून एकदा "आता..." एवढं निघालं, पण तोवर तिनं कणीक उलटलीसुद्धा होती.

त्या दिवशी काउंटरवर चिरंजिवांना नवा किस्सा मिळाला, आणि जिवावरचं संकट टळल्यामुळे त्यांनी तो जीव तोडून सांगितला. अण्णांनी कशी कुणाला चाहूल न लागू देता सुनेच्या मापाचं टेबल केलं. घराण्याची रीत कशी मोडली. केवढं मन! दुपारपर्यंत हेडमास्तर येऊन अण्णांचा हात हातात घेऊन गेले. "तुमच्यासारखी मोठी माणसं आता राहिली नाहीत," ते म्हणाले. अण्णांनी पहिल्यांदाच आयुष्यात एखादं कौतुक मान खाली घालून ऐकलं. लोकांना तो विनय वाटला.

दुकान बंद झाल्यावर ते वर गेले. बायको खिडकीशी काहीतरी शिवत बसली होती. त्यांनी गळ्यातला ॲप्रन काढून तिच्यापुढं टाकला आणि पलंगावर बसले.

"माप तुमचंच होतं ना?" तिनं विचारलं. सुई थांबली नव्हती.

अण्णांनी मान डोलावली. मग त्यांचा बांधच फुटला. "चार बोटं गं," ते म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. "चार बोटं कमी झालो मी. आणि मला कळलं नाही."

तिनं हातातलं शिवण खाली ठेवलं. टाकलेला ॲप्रन उचलला, झटकला आणि त्याची खालची कड उलटून त्यांना दाखवली. "हे ॲप्रन कोण शिवतं तुमचे? दर खेपेला लांबीत थोडा कमी करते मी. नाहीतर पायात येऊन पडला असता केव्हाच."

अण्णा त्या कडेकडे बघत राहिले. "इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय?" ती म्हणाली. "वाढणार होतात?"